टर्की, एक वाजता, टेबलावर

ख्रिसमसच्या दिवशी, म्हणजे विषुववृत्ताच्या दक्षिणेला भर उन्हाळ्यात, पारा अडतीसच्या पुढे गेलेला असताना घरात चार-साडेचार तास ओव्हन पेटता ठेवायचा आणि त्यात अख्खी टर्की भाजायची, हे शहाण्या माणसाचं काम नाही. मर्विन टोझरला हे कोणी सांगायची गरज नव्हती. तरीही सगळ्यांनी सांगितलं. बायकोने सांगितलं, मेहुण्याने सांगितलं, शेजाऱ्याने सांगितलं. कसायाने तर ऑर्डर लिहून घेताना मधेच पेन्सिल थांबवून सांगितलं. आणि प्रत्येकाच्या सांगण्याचा शेवट एकच असे: "त्यापेक्षा कोलंबी आणा की सरळ. थंडगार."

एखादी गोष्ट सगळ्यांनी मिळून सांगितली की ती करायची नाही, असा काही मर्विनचा नियम नव्हता. आजवर तसं होत मात्र आलं होतं.

सुरुवात नोव्हेंबरातल्या एका रविवारी, व्हरांड्यात चहा पिताना झाली. ग्लेनिसने, म्हणजे मर्विनच्या बायकोने, कप खाली ठेवला आणि जाहीर केलं, "या वर्षी मी ओव्हनला हात लावणार नाही. इतकी वर्षं लावला. भाजते मी आणि कौतुक होतं टर्कीचं."

तिचा भाऊ क्लाइव्ह जणू याच वाक्याची वाट बघत बसला होता. "मग क्लबात जाऊ या ना! सगळे तिकडेच जातात. कोलंबी, ऑयस्टर, थंड हॅम, हवं तेवढं वाढून घ्या. एसी आहे."

क्लबातला ख्रिसमस मर्विनला ठाऊक होता. दारात एक नंबर देतात. तो लाउडस्पीकरवर पुकारला की आत जायचं, आणि दीड तासाने उठायचं, कारण पुढचा नंबर दारात उभा असतो.

"ख्रिसमसच्या दिवशी," मर्विन म्हणाला, "माझं जेवण लाउडस्पीकरवर पुकारलं जाणार नाही."

"मग टर्की करणार कोण?"

"मी."

क्लाइव्हच्या तोंडात बिअर होती. ती त्याने मोठ्या कष्टाने आत ढकलली.

"तू? अरे मर्व्ह, टोस्ट करायचा झाला तरी तू ग्लेनिसला हाक मारतोस."

"टर्की. गरम. भाजलेले बटाटे, भोपळा, मटार, ग्रेव्ही. सगळं एकदम टेबलावर."

"किती वाजता? रात्री नऊला?"

"एक वाजता."

"एक म्हणजे एक हं," क्लाइव्हने बाटली मर्विनकडे रोखली. "एक वाजता टर्की टेबलावर. नाहीतर पुढच्या वर्षीपासून क्लब. कायमचा. कुरकुर नाही."

"कबूल."

"मी ऐकलंय," खुर्चीतून आवाज आला. तो थेल्माचा होता. थेल्मा ही ग्लेनिस आणि क्लाइव्हची आई, वय एक्क्याण्णव. ती वृद्धांच्या निवासात राहते आणि रविवारी चहाला इकडे येते. ती झोपली आहे अशी सगळ्यांची समजूत होती. थेल्माबद्दल लोकांची ही समजूत नेहमीच असते, आणि ती नेहमीच चुकीची असते.

मर्विन हा निवृत्त सर्व्हेअर. नगरपालिकेत तीस वर्षं त्याने दुसऱ्यांच्या जमिनी मोजल्या, कुंपणं कोणाच्या बाजूला सरकली ते दाखवून दिलं आणि दोन्ही बाजूंच्या शिव्या खाल्ल्या. अशा माणसाला टर्की म्हणजे काय? एक ठरावीक वजन, एक ठरावीक तापमान आणि मधला वेळ. त्याने मोठा कागद घेतला, आडव्या-उभ्या रेघा मारल्या आणि वेळापत्रक आखलं. टर्की लाल, बटाटे तपकिरी, मटार हिरवे. ग्रेव्हीसाठी वेगळा रंग शिल्लक नव्हता, म्हणून तिला तुटक रेघ मिळाली. नकाशात जिथे मालकी संशयास्पद असते तिथे तुटक रेघ मारतात. ग्रेव्हीच्या बाबतीत तेही बरोबरच होतं.

ग्लेनिसने फ्रिजवर चिकटवलेला तो कागद बराच वेळ न्याहाळला.

"यात भांडी घासणं कुठल्या रंगात आहे?"

दुसऱ्या दिवशी त्यात जांभळा रंग आला.

मर्विनने रंगीत तालीमही घेतली. एक साधी कोंबडी आणून ती वेळापत्रकाच्या एक चतुर्थांश प्रमाणात भाजली. ती ठरल्या मिनिटाला बाहेर आली. ग्लेनिसने एक शब्द न बोलता खाल्ली, आणि मर्विनने ते कौतुक म्हणून जमेला धरलं. मग त्याने टेप घेऊन ओव्हनचं पोट आतून मोजलं. रुंदी, उंची, खोली. त्यात बसेल तेवढी मोठ्यात मोठी टर्की कसायाकडे सांगितली.

ख्रिसमसला चार दिवस असताना गोठलेली टर्की घरी आली. मर्विनने ती ओव्हनमध्ये ठेवून पाहिली. बसली. अगदी बोटभर जागा ठेवून बसली. त्याने मागे वळून ग्लेनिसकडे पाहिलं. आयुष्यभर मोजमाप करणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर अशा वेळी जे भाव येतात ते आणून पाहिलं.

"छान," ग्लेनिस म्हणाली. "आणि ट्रे?"

कोणी ट्रे मोजलेला नव्हता. टर्की ट्रेमध्ये ठेवली की तिच्या तंगड्या ओव्हनच्या बाहेर येत होत्या, आणि दार लावायला गेलं की ती लाथ मारत होती.

ही बातमी कुंपणापलीकडे पोचायला वेळ लागला नाही. डावीकडचा स्टॅव्ह स्वतःहून आला. स्टॅव्हचे आईवडील ग्रीसमधून आलेले. जगातला कुठलाही प्रश्न बकऱ्यापाशी सुटतो असं त्याचं मत.

"दोन तुकडे कर," स्टॅव्ह म्हणाला. "अर्धी आधी, अर्धी नंतर."

"टर्की अख्खीच टेबलावर येते."

"मग बकरा कर. बकरा कुठूनही वाकतो."

"स्टॅव्ह, ख्रिसमसला बकरा?"

"मग कोलंबी," स्टॅव्ह म्हणाला आणि घरी गेला.

मर्विनने नवं वेळापत्रक केलं. आता टर्की अंगणात, झाकणाच्या मोठ्या गोल शेगडीत, कोळशावर भाजायची. बटाटे आणि भोपळा आत. ही योजना इतकी चांगली होती की मूळ योजनाच हीच होती असं तो सांगू लागला. कोळशाच्या दोन गोण्या आल्या. शेगडी घासली गेली. ख्रिसमसच्या आदल्या दिवशी सकाळी रेडिओवर सांगितलं की उद्या वारा आणि उष्णता पाहता राज्यभर उघड्यावर विस्तव पेटवायला पूर्ण बंदी आहे.

मर्विनने बंदीची चौकशी करायच्या फोनवर फोन लावला. अर्धा तास फोनवरची ख्रिसमसची गाणी ऐकल्यावर एका बाईंचा आवाज आला.

"गॅसची शेगडी चालेल, सर."

"माझी कोळशाची आहे."

"कोळशाची चालणार नाही."

"झाकण आहे तिला. चांगलं जड झाकण आहे."

"आत काय आहे, सर?"

"कोळसा."

"मग नाही."

"बरं, मी हद्दीवर राहतो. रस्त्याच्या पलीकडे क्वीन्सलंड आहे. तिकडे बंदी नाही, आत्ताच रेडिओवर सांगितलं. शेगडी रस्ता ओलांडून नेली तर?"

"पलीकडचं आमच्याकडे येत नाही, सर."

"म्हणजे नेऊ?"

"न्या म्हणून मी सांगू शकत नाही. नेऊ नका म्हणूनही सांगू शकत नाही." बाईंचा आवाज जरा मऊ झाला. "मी काय म्हणते, इतका उकाडा आहे. थंड काहीतरी करा ना. कोलंबी वगैरे."

मर्विनने फोन ठेवला. सरकारसुद्धा क्लाइव्हला सामील होतं.

टोझरांच्या घरासमोरचा हा रस्ता दिसायला साधाच आहे. दोन्हीकडे बैठी घरं, मधे पांढरा पट्टा. अलीकडे न्यू साउथ वेल्स, पलीकडे क्वीन्सलंड. हिवाळ्यात त्याने कोणाचं काही अडत नाही. पण ऑक्टोबर लागला की अलीकडचं राज्य घड्याळं एक तास पुढे करतं आणि पलीकडचं करत नाही. मग पुढचे सहा महिने अलीकडे एक वाजलेला असतो तेव्हा पलीकडे बारा वाजतात. पलीकडे केस कापायला गेलेला माणूस घरून निघाला त्याच्या आधी तिथे पोचतो. याचं इथे कोणाला काही वाटत नाही. रस्त्याची एक रीत पडून गेली आहे: वेळ सांगायची ती ऐकणाऱ्याच्या घड्याळाची सांगायची. समोरच्याला चहाला बोलवायचं तर त्याच्याकडे किती वाजलेले असतील त्याचा मनात हिशेब करायचा आणि तेवढं बोलायचं. तो सभ्यपणा.

मर्विन हा सभ्यपणा पाळत नसे. "माझ्या राज्यात कायद्याने जी वेळ आहे तीच मी सांगणार," तो म्हणे. "त्यांना घड्याळ फिरवायचा आळस, त्याचा हिशेब मी का करू?"

त्यामुळे बरोबर समोर, पलीकडच्या बाजूला राहणारी नोलीन मर्विनच्या प्रत्येक वेळेतून गुपचूप एक तास वजा करत आली होती. नोलीनने आयुष्यभर शाळेची बस चालवली. उशीर करणाऱ्यांचा तिला राग नाही, आणि ओरडणाऱ्यांची भीतीही नाही. नवरा वारल्यापासून ती एकटीच असते. मुलगी पार पर्थला.

शेगडी ढकलत मर्विन तिच्या फाटकाशी आला.

"नोलीन, उद्याचा दिवस ही तुझ्या अंगणात ठेवू का? टर्की भाजायची आहे."

"ती कशाला?" नोलीन म्हणाली. "माझ्याकडे अख्खा ओव्हन रिकामा पडलाय. आमच्या ह्यांनी घेतलेला, मोठा. त्यात वासरू मावेल."

"तू स्वतः काय करणार आहेस उद्या?"

"टोस्ट. आणि कोलंबी."

"कोलंबी नाही," मर्विन म्हणाला. "तू आमच्याकडे जेवायला यायचंस."

घरी ग्लेनिसने त्याला खुर्चीत बसवलं. "हे बघ. तिचा ओव्हन, तिची वीज, तिची मेहनत. निदान या वेळी तरी माणसासारखा वाग आणि तिला तिच्या घड्याळाची वेळ सांग."

मर्विनने बराच वेळ छताकडे पाहिलं. मग कागद घेतला, टर्की ओव्हनमध्ये घालायची वेळ साडेआठ होती ती खोडून साडेसात केली, आणि स्वतः रस्ता ओलांडून कागद नोलीनच्या हातात दिला.

"ही तुझी वेळ आहे. मी बदलून दिली आहे. या वर्षी काही वजा करू नकोस."

"अरे बापरे," नोलीन म्हणाली. "तब्येत बरी आहे ना?"

इथवर सगळं नीट होतं. पण संध्याकाळी मर्विनने टर्कीच्या पोटात सारण भरलं. पाव, कांदा, सेजचा पाला, लोणी. हात आखडता घेणं त्याच्या स्वभावात नव्हतं. भरून झाल्यावर त्याने ती न्हाणीघरातल्या काट्यावर ठेवली आणि वजन बघून तो गार झाला. एवढ्याला अर्धा तास जास्त लागणार. म्हणजे सगळंच अर्धा तास आधी. म्हणजे नवीन कागद. रंगीत पेन्सिली पुन्हा बाहेर आल्या. टर्की, मटार, भोपळा, सगळं सरकवता सरकवता, ओल्या हातांनी, घाईघाईने त्याने टर्कीची नवी वेळ लिहिली: आठ. टर्की नोलीनच्या फ्रिजमध्ये आणि कागद फ्रिजच्या दारावर पोचता झाला.

नोलीनने कागद वाचला. वजन वाढलं म्हणतो आणि टर्की मात्र आधीच्या कागदापेक्षा उशिरा घालायला सांगतो, हे तिच्या ध्यानात आलं. पण मर्विनशी वेळेवरून वाद घालायचा नाही, असं तिने फार पूर्वीच ठरवून टाकलं होतं.

ख्रिसमसला सकाळी मर्विन थेल्माला आणायला गेला. निवासाच्या दारात मेट्रनबाई उभ्या होत्या, डोक्यावर कागदी मुकुट.

"थेल्माबाईंना नेता येणार नाही. त्यांचं दुपारचं जेवण आमच्याकडे धरलेलं आहे."

"त्या आमच्याकडे जेवणार आहेत."

"ते काल कळवायला हवं होतं. आता जेवण लावून झालं. ते त्यांना द्यावंच लागतं."

"मग द्या."

"त्या इथे नसतील तर कसं देणार?"

मर्विनने थेल्माकडे पाहिलं. थेल्मा टोपी घालून, पर्स मांडीवर घेऊन, दाराकडे तोंड करून बसली होती. तिने मेट्रनबाईंना विचारलं, "हे जेवण मला दिल्यावर मी ते कुठे खायचं, याचा काही नियम आहे का, बाई?"

मेट्रनबाई आत जाऊन कोणाला तरी विचारून आल्या. तसा नियम नव्हता. मग ते जेवण चकाकत्या कागदात बांधून, बर्फाच्या पिशवीत घालून थेल्माच्या मांडीवर आलं. "आणि चारच्या आत परत," मेट्रनबाई म्हणाल्या. "चार म्हणजे चार."

गाडीत थेल्माने कागदाचा कोपरा उचलून पाहिलं. "कोलंबी," ती म्हणाली.

यात मर्विनचा बराच वेळ गेला. पण घरी आला तेव्हा सगळं ताब्यात होतं. ग्लेनिस व्हरांड्यात बर्फाच्या पाण्याच्या बादलीत पाय सोडून बसली होती, ओव्हनपासून जितकं लांब बसता येईल तितकं लांब. समोर नोलीन खिडकीत आली, तिने अंगठा वर केला. मर्विननेही केला. टर्की वेळेवर चालली होती. कोणाच्या वेळेवर, हा प्रश्न त्याच्या मनात आला नाही.

बटाटे आत गेले. भोपळा गेला. स्वयंपाकघरातली भिंत हात लावला तर चटका देत होती. मर्विनचा शर्ट अंगाला चिकटला, चष्मा नाकावरून दोनदा ग्रेव्हीत पडला, तरी तो वेळापत्रकासमोर उभा राहून एकेका चौकोनावर फुली मारत होता. क्लाइव्ह आणि त्याची बायको रेलीन आले. क्लाइव्हने फिकट निळा, कोलंब्या छापलेला शर्ट घातला होता. तो खास या दिवसासाठी विकत घेतला होता, हे रेलीनने कोणी न विचारता सांगितलं.

साडेबाराला मर्विन दोन टॉवेल खांद्यावर टाकून टर्की आणायला रस्त्यापलीकडे गेला. नोलीनच्या स्वयंपाकघरात वास सुरेख सुटला होता. त्याने ओव्हनचं दार उघडलं. टर्की फिकट होती. इंग्लंडहून नुकत्याच आलेल्या, अजून समुद्रावर न गेलेल्या पाहुण्यासारखी.

"ही अशी का?"

"अशीच असणार," नोलीन म्हणाली. "अजून तासभर आहे तिला."

"तासभर कसा? साडेबारा झाले!"

नोलीनने भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. साडेअकरा.

"तू किती वाजता घातलीस?"

"आठ. तू लिहिलंस ते."

"आठ माझे! तुझे सात!"

नोलीन शांतपणे फ्रिजपाशी गेली, कागद आणून त्याच्यासमोर धरला. "काल तू म्हणालास, या वर्षी वजा करू नकोस. एकोणीस वर्षं केलं. एकदा नाही केलं."

मर्विनने कागद पाहिला. आठचा आकडा त्याचाच होता, ठसठशीत, खाली दोन रेघा मारलेला. आयुष्यात पहिल्यांदा सभ्यपणा केला आणि संध्याकाळपर्यंत विसरला. हद्द ओलांडताना तासाचा हिशेब चुकणारे लोक त्याने पाहिले होते. त्यांना बरंच काही सुनावलंही होतं. आता सुनावायला तो एकटाच हाताशी होता.

"आच वाढवू?" नोलीनने विचारलं.

"नको. करपेल." तो दाराकडे वळला, पुन्हा मागे आला. "नोलीन, तुझी काही चूक नाही."

"मला माहीत आहे," नोलीन म्हणाली.

परतताना रस्ता नेहमीपेक्षा रुंद वाटला. डांबर चपलेला चिकटत होतं. व्हरांड्यात क्लाइव्ह कठड्यावर बसून घड्याळ बघत होता. मर्विनने काही सांगायची गरज पडली नाही. रिकाम्या टॉवेलांनी सांगितलं.

"काय रे मर्व्ह, टर्की चालत येणार आहे का मागून?"

मर्विन आत गेला. टेबल मांडलेलं होतं. ग्लेनिसच्या आईचं पांढरं टेबलक्लॉथ, काट्याचमच्यांशेजारी ओढून फोडायचे, आत मुकुट आणि विनोदाची चिठ्ठी असलेले कागदी फटाके, मधोमध टर्कीसाठी मोकळी जागा. बटाटे तयार झाले होते. त्यांना कोणी थांबायला सांगितलेलं नव्हतं. ते ठरल्याप्रमाणे सोनेरी झाले आणि आता पुढे तपकिरीकडे निघाले होते. भिंतीवरच्या घड्याळाने एकचा ठोका दिला.

क्लाइव्हने थेल्माच्या मांडीवरचं पार्सल उचललं, टेबलाच्या मधोमध, त्या मोकळ्या जागेत ठेवलं आणि कागद बाजूला केला.

"एक वाजला," तो म्हणाला. "टेबलावर काय आहे, मंडळी? कोलंबी." आणि बहिणीकडे वळून, "मी उद्याच क्लबात फोन करतो. पुढच्या वर्षीची नोंदणी लवकर भरते."

ग्लेनिसने नवऱ्याकडे पाहिलं. इतके दिवस तिला वाटत आलं होतं की या माणसाला टर्कीचं काही पडलेलं नाही, फक्त क्लाइव्हला हरवायचं आहे. मर्विन त्या पांढऱ्या टेबलक्लॉथची एक सुरकुती बोटाने सरळ करत होता. पुन्हा पुन्हा तीच.

तेवढ्यात रस्त्यापलीकडून नोलीनची हाक आली. शाळेची बस भरलेली असताना मागच्या बाकापर्यंत पोचेल असा तिचा आवाज.

"मर्व्ह! काळजी करू नकोस रे! बरोब्बर एक वाजता तुला टर्की मिळतेय!"

मर्विनचं बोट थांबलं.

तो खिडकीपाशी गेला. समोरचं घर पाहिलं, मधला पांढरा पट्टा पाहिला. त्या पट्ट्याची जागा त्याने नोकरीत असताना स्वतः दोनदा मोजली होती आणि त्या पट्ट्याने त्याला आजवर काहीही दिलं नव्हतं.

"टेबल उचला," तो म्हणाला.

"काय?"

"टेबल. त्या टोकाला तू धर, क्लाइव्ह. आपण नोलीनकडे जेवतोय."

"एक मिनिट. एक म्हणजे एक ठरलं होतं!"

"हो. टेबलावर, एक वाजता. टेबल कुठल्या राज्यात, ते ठरलं नव्हतं."

"ही फसवणूक आहे! मम, तूच सांग, मी काय म्हणालो होतो?"

थेल्माने टोपी नीट केली. "'एक वाजता टर्की टेबलावर,' असं म्हणालास. एवढंच म्हणालास. मी ऐकलंय."

आणि ग्लेनिसने खुर्चीजवळ आणून ठेवलेल्या बादलीतून पाय बाहेर काढले. ओव्हनला हात लावणार नाही, ही तिची प्रतिज्ञा होती. टेबलाबद्दल तिने काही शब्द दिलेला नव्हता.

अडतीस अंशांत त्या रस्त्यावरून जी मिरवणूक गेली तिच्यात पुढे मर्विन आणि स्टॅव्ह टेबल घेऊन होते; स्टॅव्ह गडबड ऐकून कुंपणावरून आला होता आणि बकऱ्याला टेबलच लागत नाही हे सांगत चालला होता. मागे ग्लेनिस बटाट्यांचा ट्रे घेऊन, अनवाणी, डांबरावर उड्या मारत. रेलीनकडे भोपळा आणि मटार. थेल्मा खुर्चीत बसलेली, आणि ती खुर्ची क्लाइव्हने उचललेली, कारण आईला कोणी तरी न्यायलाच हवं होतं आणि बाकी सगळ्यांचे हात भरलेले होते. कोलंबीचं पार्सल पुन्हा तिच्या मांडीवर.

पट्ट्यावर एक गाडी थांबली. मर्विनने टेबलाखालून एक हात काढून, मोजणी चालू असताना गाड्या अडवायचा तसा, तिला अडवला. चालकाने काच खाली केली, वाफाळणाऱ्या बटाट्यांकडे पाहिलं.

"या उकाड्यात? कोलंबी आणायचीत की राव!"

"मेरी ख्रिसमस!" मर्विन ओरडला. ते शुभेच्छेसारखं वाटलं नाही.

टेबल नोलीनच्या दारातून आत जाईना. ते तिच्या गाडीच्या पत्र्याच्या शेडखाली मांडलं. क्लाइव्हने टेबलाच्या पायांकडे संशयाने पाहिलं.

"हे पूर्ण क्वीन्सलंडमध्ये आहे ना? नक्की?"

"क्लाइव्ह," मर्विन म्हणाला, "या एका विषयावर तू मला विचारू नकोस."

ते बसून राहिले. बटाटे निवत होते. मर्विनने त्यांच्यावर टॉवेल टाकला. तो टर्कीसाठी आणला होता, पण आता जे मिळेल ते. नोलीनने रेडिओ बाहेर आणून ठेवला. साडेबाराला तिने टर्की बाहेर काढली; आता तिचा रंग असा होता की क्लाइव्हसुद्धा खुर्ची पुढे ओढून बसला. झाकून ठेवली. रस टर्कीत मुरायला हवा असं मर्विनने सगळ्यांना सांगितलं आणि या वेळी कोणी हसलं नाही. एकाला दोन मिनिटं कमी असताना ती टेबलाच्या मधोमध आली. अख्खी. तंगड्या दोन्ही बाजूंना ऐटीत पसरलेल्या. मग रेडिओने टोले दिले आणि निवेदकाने क्वीन्सलंडमध्ये दुपारचा एक वाजल्याचं सांगितलं.

मर्विनने सुरी घातली.

बटाटे करपले होते. भोपळ्याचा लगदा झाला होता. ग्रेव्ही घरीच राहिली होती, तुटक रेघेसारखी. टर्की मात्र अशी झाली होती की क्लाइव्हने दोनदा घेतली, दुसऱ्यांदा ताटात कागदी मुकुट पडल्याचं निमित्त करून.

"पुढच्या वर्षी?" तो तोंड भरलेलं असताना म्हणाला.

"एक वाजता," मर्विन म्हणाला.

"मला आधीच सांगा," नोलीन म्हणाली. "आणि कोणाच्या घड्याळात ते मीच लिहीन."

ग्लेनिसने तंगडी उचलली, एक घास खाल्ला, डोळे मिटले. "छान भाजलीय," ती म्हणाली. आणि मग, "जांभळा रंग विसरू नकोस." भांडी दोन राज्यांत पसरलेली होती.

थेल्माने आपलं पार्सल क्लाइव्हसमोर सरकवलं. "हे तू घे, बाळा. तुझ्या आवडीचं."

पुडिंग झालं, दुसरं पुडिंग झालं, फटाक्यांतले जुनेच विनोद वाचून झाले. स्टॅव्ह खुर्चीतच झोपला. ऊन शेडखाली सरकत आलं. मर्विनने मनगटाकडे पाहिलं आणि नाइलाजाने उठला.

"चला थेल्मा, निघायला हवं. साडेतीन झाले. मेट्रनबाईंनी चारच्या आत सांगितलंय."

थेल्मा हलली नाही. तिने नोलीनच्या खिडकीतून आतल्या घड्याळाकडे नजर टाकली, हातातला शेरीचा ग्लास पुढे केला.

"अजून थोडी दे गं, नोलीन," ती म्हणाली. "त्या बाई चार म्हणाल्या. कुठले चार, ते म्हणाल्या नाहीत."